स्लीप ॲप्नियावरील दंत-उपकरण

झोपेत घशाची वाट पुन्हा पुन्हा बंद होऊन श्वास अडण्याच्या विकारावर (अडथळाजन्य निद्राश्वासरोध) रुग्णाच्याच दातांच्या मापाने बनवलेले, रात्री तोंडात घालायचे साधन. वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे त्याचे दोन भाग एकमेकांना जोडलेले असतात व खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरून ठेवतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती कवळी वाटते. पण कवळी दात गेलेल्यांची, आणि हे साधन पक्के दात असलेल्यांनाच बसते.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोप लागली की ते सैलावतात, जीभ मागे पडते, मऊ टाळू पडजिभेसकट घशाच्या भिंतीला टेकतो. छाती-पोट धडपडत राहते आणि हवा मात्र आत जात नाही. असा अडथळा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकला तर त्याची नोंद होते. प्रौढांमध्ये तासाला 5 ते 15 नोंदी म्हणजे सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र विकार. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला जोडलेला असल्याने जबडा पुढे आला की जीभही त्याच्यामागून पुढे येते. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करायला भूलतज्ज्ञ जबडा पुढे उचलतात, त्यातले तत्त्वही हेच.

लहान जबड्यामुळे श्वास कोंडणाऱ्या मुलांसाठी अशी साधने फ्रान्सचे प्येर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच वापरली होती. प्रौढांच्या स्लीप ॲप्नियासाठी ती 1980 च्या दशकात पुढे आली. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र मांडले तेही 1981 साली. श्वासातले अडथळे कमी करण्यात सीपॅप आजही सरस आहे. पण मास्क सहन न होऊन यंत्र कपाटात गेले, तर त्या सरसपणाचा उपयोग नाही. सीपॅप न झेपणाऱ्या किंवा नको असलेल्या प्रौढांना दंत-उपकरण द्यावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

निदान मात्र दंतवैद्याने करायचे नसते. आधी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास नोंदणारी चाचणी), तिचा अहवाल वाचणारा डॉक्टर, मग दात. पुण्यात दुपारच्या झोपेला एवढी प्रतिष्ठा आहे की या विकाराने येणारी दिवसाची पेंग आजार म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. ‘एक ते चार बंद’ अशी पाटी लावून घेतलेली वामकुक्षी वेगळी; सिग्नलला डोळा लागणे किंवा द्रुतगती मार्गावर स्टिअरिंगवर मान पडणे वेगळे.

तपासणीत दात किती, हिरड्या कशा, जबड्याचा सांधा दुखतो का हे बघतात. उपकरणाला आधार द्यायला दोन्ही जबड्यांत पुरेसे भक्कम दात लागतात. मिश्रीने हिरड्या खालावून हलू लागलेले दात हा ताण पेलत नाहीत. आपल्याकडची खास अडचण सुपारी-गुटख्याची. गालाच्या आतली त्वचा कडक होऊन ज्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, त्याच्या तोंडात दातांचे माप घ्यायचा ट्रेच शिरत नाही. गुटखाबंदी 2012 मध्ये झाली, तोंडे अजून आखडलेलीच येतात.

माप ट्रेमधल्या मऊ लगद्यात ठसा उमटवून किंवा स्कॅनरने घेतात. त्याहून नाजूक काम पुढचे. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी दातांत धरून रुग्णाला जबडा जमेल तितका पुढे काढायला सांगतात. तो समजा दहा मिलिमीटर आला, तर सुरुवात साधारण पाच-सहावर करतात. त्याच स्थितीत मऊ मेण किंवा सिलिकॉन चावायला देऊन दोन जबड्यांचे नाते टिपतात आणि ते लॅबमध्ये जाते.

उपकरण हाती आले की उपचार सुरू होतो, संपत नाही. बारीक किल्लीने स्क्रू फिरवून जबडा थोडा थोडा पुढे सरकवतात, एका वेळी मिलिमीटरचा लहानसा अंश. हे काही आठवडे चालते. इथेच बहुतेकांची गफलत होते: घोरणे थांबले, शेजारचे माणूस झोपू लागले, की दवाखान्याच्या फेऱ्या बंद. आवाज गेला तरी श्वास अडतच असू शकतो. म्हणून उपकरण घालून पुन्हा स्लीप स्टडी करावी लागते. बाजारातली गरम पाण्यात मऊ करून चावायची तयार साधने मापाने बनवलेल्या उपकरणापुढे कमी पडतात.

सुरुवातीला लाळ सुटते किंवा तोंड कोरडे पडते, जबडा अवघडतो. सकाळी उपकरण काढल्यावर चहाबरोबरची खारी चावताना पुढचे दात आधी भिडतात, दाढांमध्ये फट राहते. थोड्या वेळाने जबडा जागेवर येतो. त्यासाठी व्यायामही शिकवतात. वर्षानुवर्षांच्या वापराने मात्र दातांची ठेवण कायमची बदलू शकते, म्हणून नियमित तपासणी हवी. उपकरण उकळत्या पाण्यात घालू नये, आकार बिघडतो. दाताला नवी कॅप बसवायची असेल, तर जाताना ते डबीसकट बरोबर न्यावे. एका कॅपने सगळे बसेनासे होते.