‘डिसरप्ट’ : इंग्रजी क्रियापदाचा वाक्यातील वापर

सुरळीत चाललेल्या गोष्टीत खंड पाडणे, तिची घडी विसकटणे या अर्थाचे इंग्रजी सकर्मक क्रियापद. गोव्यातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत पावसाळाभर ते सतत भेटते. रस्त्यावर झाड आडवे झाले, वीज गेली, फेरीबोट धक्क्यालाच राहिली, की बातमीत हा शब्द आलाच. मराठी बातमीत त्याच जागी ‘विस्कळीत होणे’ येते. अर्थ जुळतो, पण वाक्याची बांधणी जुळत नाही, आणि मराठी भाषकाच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

शब्द मूळ लॅटिन. ‘डिस’ म्हणजे वेगळे, अलग. ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे, फोडणे. इंटरप्ट, करप्ट, इरप्ट आणि रप्चर ही त्याची भावंडे. पोर्तुगीजमधले ‘रोम्पेर’ (तोडणे) हेही याच धातूचे, त्यामुळे घरात पोर्तुगीज ऐकलेल्या गोवेकरांना हा शब्द तितका परका वाटू नये. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘रप्ट’वर येतो.

मराठीत एकाच प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते: तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे. ‘विस्कळीत’चेही तसेच. वाहतूक विस्कळीत होते, किंवा कोणीतरी ती विस्कळीत करते. इंग्रजीतल्या ‘ब्रेक’ला ही दोन्ही कामे जमतात, म्हणून ‘द ग्लास ब्रोक’ हे बरोबर आहे. ‘डिसरप्ट’ला मात्र फक्त ‘करणे’ जमते, ‘होणे’ जमत नाही. कर्त्याच्या जागी खंड पाडणारा हवा आणि कर्माच्या जागी ज्यात खंड पडला ते हवे: ‘हेवी रेन डिसरप्टेड फेरी सर्व्हिसेस’. फेरीसेवेपासून सुरुवात करायची असेल तर कर्मणी प्रयोग करावाच लागतो: ‘फेरी सर्व्हिसेस वेअर डिसरप्टेड बाय हेवी रेन’. यातले ‘वेअर’ गाळले की वाक्य मोडते.

गोव्यात अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून त्यांचे माध्यम इंग्रजी होते. त्या वयाच्या वहीत ‘द फेरी डिसरप्टेड’ असे वाक्य आले तर त्यात नवल नाही. मनात ‘फेरी विस्कळीत झाली’ हे वाक्य आधी तयार झालेले असते. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘फेरीने विस्कळीत केले’ असा लागतो, आणि काय विस्कळीत केले याची तो वाट पाहत राहतो. शिक्षक लाल शाईने मध्ये ‘वॉज’ घालून पुढे जातात. खरे तर तिथे दोन मिनिटे थांबून ‘कोणी केले?’ हा प्रश्न मुलाला विचारायला हवा. उत्तर ‘पावसाने’ असे आले की वाक्यातल्या जागा आपोआप भरतात.

५ जुलै १९८६ रोजी पणजीजवळचा मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि वाहतूक विस्कळीत झाली. पणजी आणि बेती यांच्यामध्ये लोकांना पुन्हा फेरीबोटीवर विसंबावे लागले. मराठीत ‘कोसळला’ आणि ‘विस्कळीत झाली’ ही क्रियापदे एकाच ओळीत निर्वेध बसतात, दोन्ही ‘होणे’च सांगतात. इंग्रजीत मात्र वाट दुभंगते: ‘द ब्रिज कोलॅप्स्ड अँड ट्रॅफिक वॉज डिसरप्टेड’. ‘कोलॅप्स’ इथे अकर्मक आहे, पूल स्वतः कोसळतो, म्हणून त्याच्यामागे ‘वॉज’ लागत नाही. ‘डिसरप्ट’च्या मागे ते लागतेच. हे एक वाक्य नीट समजले तर इंग्रजीतल्या कितीतरी क्रियापदांचा स्वभाव समजतो.

या चुकीला वर्तमानपत्रेही खतपाणी घालतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली होती. अशा वेळी इंग्रजी मथळा ‘ट्रेन सर्व्हिसेस डिसरप्टेड’ एवढाच असतो. जागा वाचवण्यासाठी मथळ्यात सहायक क्रियापद गाळतात. ते तिथे नसले तरी वाचकाने गृहीत धरायचे असते. शिकणाऱ्याला मात्र तो साधा भूतकाळ वाटतो आणि निबंधात तेच वाक्य उतरते. मथळ्याखालची पहिली ओळ वाचली की गाळलेले ‘वेअर’ तिथे सापडते.

आणखी एक चूक ‘व्यत्यय’ या शब्दातून येते. आपण ‘कामकाजात व्यत्यय आणला’ म्हणतो, त्यातला ‘त’ इंग्रजीत ‘इन’ होऊन येतो. पर्वरीला विधानसभेत गदारोळ होऊन सदस्य हौदात उतरले तर ‘मेंबर्स डिसरप्टेड द प्रोसीडिंग्ज’ एवढे पुरते. मध्ये ‘इन’ घालायचे कारण नाही. याच अर्थाने ‘सभा उधळून लावली’ हा आपला जिवंत वाक्प्रचार ‘डिसरप्टेड द मीटिंग’च्या फार जवळ जातो, ‘विस्कळीत केली’पेक्षाही जवळ.

कर्म कोणते चालते? साधारणपणे जे चालू आहे, ज्याला काही गती किंवा क्रम आहे ते: वाहतूक, वीजपुरवठा, वर्ग, झोप, वेळापत्रक, जनजीवन. चवथीच्या गर्दीने बसगाड्यांचे वेळापत्रक कोलमडले तर ‘डिसरप्ट’ चालेल. मुलांनी खोलीत पसारा केला तर चालणार नाही, तिथे ‘मेस अप’ हवे. वाऱ्याने विसकटलेल्या केसांनाही हा शब्द लावत नाहीत. खोली आणि केस चालू नसतात, ते नुसते असतात.

शेजारच्या शब्दांपासूनही तो वेगळा ठेवावा लागतो. ‘डिस्टर्ब’ शांततेचा भंग करतो; दुपारी निजलेल्या माणसाला आपण डिस्टर्ब करतो. ‘इंटरप्ट’ बोलणाऱ्याला मध्येच तोडतो. ‘सस्पेंड’ म्हणजे ठरवून काही काळ बंद ठेवणे: नदीला पूर आला म्हणून खात्यानेच फेरी थांबवली तर ती ‘सस्पेंडेड’. ‘डिसरप्टेड’ सेवा पूर्ण बंद असेल किंवा अडखळत चालू असेल. आपल्याकडे ‘ठप्प’ आणि ‘विस्कळीत’ असा जो बारीक भेद आहे, तो या एका इंग्रजी शब्दात बुजतो. भाषांतर करणाऱ्याने म्हणून पुढची ओळ वाचूनच मराठी शब्द निवडावा.

नाम ‘डिसरप्शन’. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमधून चारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले, ती फूट इतिहासात ‘द डिसरप्शन’ याच नावाने ओळखली जाते. ‘तोडणे’ हा मूळ अर्थ तिथे स्पष्ट दिसतो. वाक्यात नाम वापरताना सोबत बहुधा ‘कॉज’ येते: ‘द स्टॉर्म कॉज्ड डिसरप्शन’.

गेल्या तीन दशकांत या शब्दाला कौतुकाचा अर्थही चिकटला आहे. १९९५ मध्ये जोसेफ बोवर आणि क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी ‘डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी’ ही संज्ञा मांडली, आणि पुढे प्रस्थापित धंद्याची घडी मोडणाऱ्या नव्या उद्योगांना ‘डिसरप्टर’ म्हणू लागले. या वापरात कर्म कधी कधी गाळले जाते: ‘स्टार्टअप्स वॉन्ट टु डिसरप्ट’. मराठीत इथे ‘विस्कळीत’ अजिबात बसत नाही, ‘उलथापालथ करणे’ बसते. कर्म गळाले तरी कर्ता मात्र इथेही उलथापालथ करणाराच असतो, जिची उलथापालथ झाली ती बाजारपेठ नव्हे.