बडतर्फीनंतर पुन्हा रुजू होणं आणि मागचा पगार: सोलापूरकरांनी दाद कुठे आणि कशी मागायची

बडतर्फीचा आदेश हातात पडला की माणूस आधी साहेबांना भेटायला धावतो. त्याआधी ते पाकीट जपून ठेवा. आदेश कधी मिळाला, यावरच पुढची मुदत मोजली जाते आणि टपालाचा शिक्का हा त्याचा पुरावा असतो.

महसूल, कृषी, सार्वजनिक बांधकाम अशा राज्य शासनाच्या खात्यातल्या कर्मचाऱ्याने 1979 च्या शिस्त व अपील नियमांखाली 45 दिवसांत वरच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करायचं. एक प्रत शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याकडेही द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या. अपील फेटाळलं तर त्या दिवसापासून एका वर्षात महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, मूळ अर्ज करता येतो. सहा महिने निर्णयच आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. सोलापूर मॅटच्या मुंबई खंडपीठाकडे येतं, त्यामुळे अनेकांना रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पाठ झालेली असते.

जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, आणि पुढे उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जोडला आहे. एसटीच्या चालक-वाहकांना कामगार न्यायालयात अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते, मुदत 90 दिवस.

माझ्या पाहण्यातले एक कनिष्ठ लिपिक दोन वर्षं बडतर्फ करणाऱ्याच कार्यालयात निवेदनं देत राहिले. पिशवीभर पोचा होत्या, अपील मात्र एकही नव्हतं. निवेदनांनी मुदत वाढत नाही. शेवटी विलंब माफीच्या, म्हणजे मुदत उलटल्याबद्दल माफी मागणाऱ्या, अर्जापासून सुरुवात करावी लागली, आणि त्यांची बाजू खरी असूनही निम्मी ताकद तिथेच खर्ची पडली. फार वाईट वाटतं अशा वेळी.

कागद जमवताना नियुक्ती आदेश, दोषारोपपत्र जोडपत्रांसह, तुमचा खुलासा, साक्षीदारांचे जबाब, चौकशी अहवाल, शिक्षेचा आदेश, अपील आणि शेवटची वेतनचिठ्ठी एवढं हवंच. सेवापुस्तकाची नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा.

आता मागचा पगार. नोकरी परत मिळाली की पगार आपोआप मिळतो, हा समज कृपा करून सोडा. अर्जात पुनर्स्थापनेसोबत थकीत वेतन आणि सेवासातत्य (मधला काळही नोकरीतच धरणं) हे स्वतंत्रपणे मागा. मधल्या काळात दुसरीकडे नोकरी नव्हती, हे शपथेवर लिहा. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कर्मचाऱ्याने एवढं सांगितल्यावर, तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करणं मालकाचं काम. हे वाक्यच अर्जात नसेल तर पुढचा मुद्दा उभाच राहत नाही. भावाच्या बार्शीच्या शेतात राबला असाल तर तेही खरं खरं लिहा. बँकेचं पासबुक दर महिन्याला भरून घ्या. पगाराची नोंद नसलेली पानं पुढे तुमच्या बाजूने बोलतात.

आरोपातून पूर्ण मुक्तता झाली, तर राज्य कर्मचाऱ्यांच्या निलंबन-बडतर्फीच्या काळातल्या वेतनाबद्दलच्या 1981 च्या नियमांप्रमाणे पूर्ण वेतन मिळतं. दुसरीकडची कमाई त्यातून वजा होते. आदेश केवळ चौकशीतल्या त्रुटीमुळे रद्द झाला आणि नव्याने चौकशी ठरली, तर तो काळ निलंबनाचा धरतात आणि हातात निर्वाह भत्ताच, म्हणजे निलंबनात पगाराऐवजी मिळणारी कमी रक्कम, येतो. वेतन कमी द्यायचं असेल तर कार्यालयाने आधी नोटीस द्यायला हवी. तिला उत्तर न देता गप्प बसू नका. ते लेखी द्या, आणि त्याचीही पोच घ्या.