विभागप्रमुखांचा नेतृत्वविकास

विद्यापीठातील एखाद्या विषयाचा विभाग चालवण्यासाठी लागणारी प्रशासकीय व माणसे सांभाळण्याची कौशल्ये प्राध्यापकांत रुजवण्याची प्रक्रिया. भारतीय विद्यापीठांत विभागप्रमुखपद म्हणजे बहुधा बढती नव्हे, पाळी असते. केंद्रीय विद्यापीठ कायदा, २००९ च्या परिनियमांनुसार प्रमुखाची मुदत तीन वर्षांची असून देऊ केलेले पद नाकारण्याची मुभाही प्राध्यापकाला आहे. मुदत संपली की तो पुन्हा सहकाऱ्यांत जाऊन बसतो. काल ज्यांच्या रजेच्या अर्जावर सही केली, त्यांच्यापैकीच कोणी आज त्याच्या अर्जावर सही करतो. अशा पदावर हुकूम फार चालत नाही, मन वळवावे लागते.

पीएच.डी. करताना यातले काही शिकायला मिळत नाही. खुर्चीत बसताच कार्यभाराचे गणित पुढ्यात येते: कोणाला किती तास, तासिका तत्त्वावर किती शिक्षक मागायचे. पाठोपाठ प्रकल्पाचे अनुदान ठरल्या कामी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, नॅकला (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेला) द्यायची माहिती, विभागातल्या टिकाऊ सामानाची जडवस्तू नोंदवही. दोन सहकाऱ्यांचे बिनसले आणि एकाने लेखी तक्रार दिली, तर ती ‘पुढील कार्यवाहीसाठी सादर’ असा शेरा मारून कुलसचिवांकडे धाडायची, की आधी दोघांना चहाला बोलवायचे? शेरा मारला की फाईल उघडते आणि मग ती कोणाच्याच हातात राहत नाही. हे शहाणपण बहुतेकांना मिळते ते मावळत्या प्रमुखाकडून आणि विभागातल्या जुन्या लिपिकाकडून.

औपचारिक प्रशिक्षणाचा भर दीर्घकाळ अध्यापनावर राहिला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुणे, मुंबई व नागपूर येथेही ती झाली. तिथले उद्बोधन व उजळणी वर्ग पदोन्नतीसाठी आवश्यक असल्याने गर्दी खेचत, पण ते शिक्षकांसाठी होते, प्रमुखांसाठी नव्हे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘लीप’ (लीडरशिप फॉर अकॅडमिशियन्स प्रोग्रॅम) या तीन आठवड्यांच्या नेतृत्व प्रशिक्षण कार्यक्रमात दोन आठवडे देशात व एक परदेशात प्रशिक्षण होते. मात्र त्याचा रोख पुढे संस्थाप्रमुख होऊ शकतील अशा ज्येष्ठांवर होता. २०२३ च्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात शैक्षणिक नेतृत्व, शासन व व्यवस्थापन हा एक स्वतंत्र विषय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने सुचवलेला उपाय अधिक साधा आहे: नेतृत्वाची पदे रिकामी राहू नयेत आणि जुन्या-नव्या पदाधिकाऱ्यांनी काही काळ एकत्र काम करावे. विभागांत मात्र सूत्रे देणे म्हणजे अनेकदा कपाटाच्या किल्ल्या आणि कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावरच्या दोन सह्या, एवढेच असते.