सुगी, रब्बी ज्वारीची (पुणे जिल्हा)

सुगी, रब्बी ज्वारीची : पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात माघ-फाल्गुनात (साधारणतः फेब्रुवारी-मार्च) चालणारी ज्वारीची काढणी, मोडणी, मळणी, उपणणी आणि खळ्यावरची वाटणी, असा हा सारा हंगाम. हरभरा, गहू व करडई यांची काढणीही याच सुमारास येते. पण शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरचा पूर्व भाग येथे सुगी म्हटले की ज्वारीच समजली जाते. मावळातील भाताची झोडणी हिवाळ्याच्या तोंडाशीच उरकते, तिचा विचार येथे केलेला नाही.

पूर्वेकडील या पट्ट्यात वर्षाकाठी जेमतेम ५०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. परतीच्या पावसाची ओल खोल काळ्या जमिनीत मुरते आणि पीक त्याच ओलीवर निघते. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, उत्तरा व हस्त नक्षत्रांत होते. दाणा भरत असताना ओल तुटली, तर खडखड्या हा बुरशीजन्य रोग बळावतो. ताट (ज्वारीचा धांडा) बुडाशी आतून काळे पडते आणि वाऱ्याच्या झुळकीनेही लोळते. असे रान दिसले की शेतकरी काढणीसाठी थांबत नाही. एरवी दाणा जेथे कणसाला चिकटलेला असतो तेथे काळा ठिपका दिसू लागला, की तो पक्व झाला असे धरतात. सुगीचा दिवस असा प्रत्येक रानाच्या ओलीवर ठरतो आणि एकाच शिवारात आठ-पंधरा दिवस मागेपुढे होतो.

प्राचीनत्व : या प्रदेशातील रब्बी सुगी किती जुनी, या प्रश्नात दोन निरनिराळे मुद्दे अनेकदा एकत्र केले जातात. हिवाळी पिकांची सुगी निश्चितच फार जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे या संस्कृतींच्या तीन टप्प्यांची वस्ती उजेडात आली. तेथील मुख्य धान्य सातू (जव) होते. पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध आणि पाट यांचेही अवशेष मिळाले. सातू हे हिवाळी पीक. तेव्हा घोडकाठी वसंताच्या सुरुवातीला धान्य काढले जात होते, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

ज्वारीचे तसे नाही. तिचे मूळ आफ्रिकेतले. पूर्व सुदानमधील कसाला परिसरात ती इ.स.पू. चौथ्या सहस्रकात माणसाळण्याच्या वाटेवर होती, असा पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. राजस्थानातील आहाड आणि दख्खनमधील काही ताम्रपाषाणयुगीन स्थळांवरून ज्वारीचे अवशेष पूर्वी नोंदवले गेले होते व त्यांच्या आधारे ज्वारी येथे साडेतीन-चार हजार वर्षांपासून पिकते, असे लिहिले जाई. मात्र यांतील काही ओळखी मडक्यांच्या मातीत उमटलेल्या ठशांवरून केलेल्या आहेत, आणि जळालेले दाणेही फुगून आकार बदलत असल्याने इतर तृणधान्यांशी त्यांची गल्लत होऊ शकते. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डोरियन फुलर यांनी आफ्रिकी पिकांच्या भारतातील जुन्या नोंदींची फेरतपासणी करून त्यांतील बऱ्याच संशयास्पद ठरवल्या. ज्वारी इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात भारतात पोहोचली असणे शक्य आहे; पण पुणे परिसरात तिने सातूची जागा नेमकी केव्हा घेतली, याविषयी सावधपणे बोलणेच इष्ट.

दख्खनची रब्बी ज्वारी ‘दुर्रा’ या गटात मोडते : गच्च कणीस, मोठा गोलसर दाणा आणि पुष्कळदा वाकलेली मान. पिकांच्या उगमाचे अभ्यासक जॅक हार्लन व अ‍ॅन स्टेम्लर यांनी १९७६ मध्ये असे मत मांडले की, आफ्रिकेतून आलेल्या आदिम ज्वारीपासून दुर्रा हा गट भारतात घडला आणि मग अरबस्तानमार्गे पश्चिमेकडे परतला. दुसऱ्या मतानुसार तो ईशान्य आफ्रिकेतच आकाराला आला. साठलेल्या ओलीवर तग धरण्याचा या गटाचा गुण दख्खनच्या काळ्या जमिनीशी इतका जुळतो की पहिले मत आकर्षक वाटते. परंतु असा गुण कोरड्या प्रदेशात अन्यत्रही निवडला जाऊ शकतो, हे लक्षात घेतले पाहिजे. आज सर्वपरिचित असलेली मालदांडी ३५-१ ही जात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे स्थानिक वाणातून निवड करून १९३० च्या दशकात तयार झाली.

काढणी व खळे : रब्बी ज्वारी बहुधा कापत नाहीत, उपटतात. त्यामुळे ताटाची पूर्ण लांबी कडब्यात (वाळलेल्या ताटांच्या चाऱ्यात) मिळते. उपटलेल्या ताटाच्या मुळांची माती पायावर आपटून झाडतात व ताटे ओळीने आडवी टाकतात. काम पहाटेच सुरू होते, कारण दवाने पाला मऊ असतो व कूस (अंगाला खाजणारे बारीक तंतू) कमी उडते. हरभराही दव असतानाच उपटतात. दिवस चढला की घाटे तडकून दाणे रानातच सांडतात. ताटे वाळल्यावर बायका कणसे मोडतात, पुरुष ताटाचाच आळा (बांधायचा बंध) करून पेंढ्या बांधतात. रानात राहिलेली कणसे म्हणजे सर्वा. तो वेचण्याची मुभा भूमिहीन घरांतील बायका-मुलांना असे आणि कित्येक घरांची उन्हाळ्याची बेगमी त्यावर होई.

खळ्यासाठी उंचवट्याची, वाऱ्याला मोकळी जागा निवडून ती खणत, पाणी मारून बैलांनी तुडवून घेत आणि शेणाने सारवत. मधोमध तिवडा (खांब) रोवून त्याभोवती मुसकी घातलेल्या बैलांची पात, म्हणजे ओळीने जुंपलेले बैल, फिरवली जाई. तिवड्यालगतच्या बैलाला सर्वांत कमी चालावे लागे, म्हणून तेथे वयस्क बैल जुंपत. लहान शेतकऱ्याकडे पातीपुरते बैल क्वचितच असत. तो शेजाऱ्याशी सावड करी, म्हणजे दोघे आपापले बैल एकत्र आणून आळीपाळीने काम उरकत. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तिवईवर (तीन पायांच्या उंच घडवंचीवर) उभे राहून पाटीने उपणणी होई, म्हणजे वाऱ्यावर धान्यातील भुसा उडवला जाई. रास पुजून मापाला बसत तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. नंतर धान्य कणगीत किंवा मुरमात खणलेल्या पेवात जाई.

वाटणी : रास घरी जाण्याआधी सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव आदींचे बलुते (गावासाठी केलेल्या कामाचा धान्यातील वाटा) निघे. बलुतेदारांची यादी आणि त्यांचा थोरली, मधली, धाकटी असा क्रम गावागणिक बदले, त्यामुळे बाराचा आकडा शब्दशः घेऊ नये. ही पद्धत म्हणजे घराघरांतील परस्पर सेवेचे नाते, असा एक समज आहे. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी सतराव्या-अठराव्या शतकांतील कागदपत्रांवरून दाखवले की महाराष्ट्रातील बलुतेदार हे मुख्यतः सबंध गावाचे वतनदार (वंशपरंपरागत हक्काचे) सेवक होते, विशिष्ट कुटुंबांचे नव्हेत. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. खळ्यावरचे हे दृश्य गोडवा लावून रंगवले जाते, ते योग्य नाही. महारांना खळ्यावर हात पसरून मिळणारा वाटा हे बारमाही वेठीचे मोल होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच बंधनाविरुद्ध. कनिष्ठ ग्रामवतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

लहान शेतकरी आणि कडबा : कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीनुसार तेथील सरासरी धारणक्षेत्र (एका शेतकऱ्याकडची जमीन) १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले. (हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात सामावले आहे.) २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी १.३४ हेक्टर भरली. एवढ्याशा कोरडवाहू तुकड्यावर निव्वळ धान्यासाठी ज्वारी परवडणे कठीण. ती टिकली यात कडब्याचा वाटा मोठा आहे. सुगीवरच्या बऱ्याच लेखनात राशीचे वर्णन पानभर असते आणि कडबा एका ओळीत संपतो, पण घरचे बैल व दुभते जनावर पावसाळ्यापर्यंत जगवण्याचा आधार तोच. कडब्याचा सौदा शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या भावाने होतो. अवर्षणाच्या साली तो धान्याहून अधिक आधार देतो. पेंढ्यांची गंज रचताना बुडखे बाहेर व शेंडे आत ठेवतात, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाला भिजून काळा पडत नाही. काळ्या पडलेल्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही.

बदल : नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तशी बागायत पट्ट्यात उसाने ज्वारीची जागा घेतली. बैलांच्या पातीऐवजी आधी खळ्यावर ट्रॅक्टर फिरू लागला, मग मळणी यंत्र थेट रानात आले आणि सारवलेले खळे अनावश्यक ठरले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती यांसारखे वाण दिले असून त्यांत कडब्याचाही विचार केलेला आहे. उपटणी आणि मोडणी मात्र अजून बहुतांशी हातानेच होते. याच दिवसांत ऊसतोडीचाही हंगाम चालू असल्याने मजूर मिळत नाहीत, आणि पाण्याची सोय नसलेले काही शेतकरीही ज्वारीचे रान कमी करताना दिसतात.