बुळबुळीत लागतंय? मग नळाखाली हात धर

आमच्या गल्लीतले मामा निपाणीकडच्या एका साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. नात्याने कुणाचेच नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. गळीत हंगामात अधूनमधून मिल थांबवून रस आटवायच्या बॉड्या, म्हणजे मोठी बंद भांडी, धुतात. नळ्यांना आतून बसलेली चिवट खपली सुटावी म्हणून त्यात कॉस्टिक सोडा घालून पाणी उकळतात. एकदा त्याचा शिंतोडा मामांच्या मनगटावर उडाला. "दुखलंच नाही बघ. नुसतं बुळबुळीत, साबण लागल्यागत. पँटीला पुसलं आणि च्या प्यायला गेलो." चहा होईपर्यंत कातडी पांढरी पडून निघायला लागली होती. तो डाग आजही आहे.

मामांची उपमा रसायनशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतकी अचूक होती. चरबी आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण होतो. कारखान्यात साबण असाच बनतो. मामांच्या मनगटावर तेच चाललं होतं, फक्त चरबी त्यांची स्वतःची होती.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात पोत्यातून येतो, उघडा ठेवला तर हवेतलं पाणी ओढून घेऊन पाझरायला लागतो. आम्लाबद्दल आपल्या मनात भीती असते, कॉस्टिकबद्दल तेवढी नसते. खरं तर उलट हवं. आम्ल कातडीवर पडलं की तिथली प्रथिनं गोठून एक कठीण थर होतो आणि तो थर आम्लाला काही प्रमाणात अडवतो. कॉस्टिकसारखी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा खार, चरबीचा साबण करते, प्रथिनं विरघळवते आणि वाट मोकळी करत खोल उतरत राहते. वास नाही, धूर नाही, सुरुवातीला आगही होत नाही. डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं.

यावर उपाय एकच, पाणी. आणि तेही भरपूर. सुके कण असतील तर आधी झटकायचे, कपडे काढायचे आणि वाहत्या पाण्याखाली निदान 20 मिनिटं धरायचं. डोळा असेल तर पापण्या उघड्या ठेवून धुवायचा, आणि धुवून झाल्यावर दवाखाना. मामांना कुणीतरी चिंचेचं पाणी लावायला सांगितलं होतं, खानापूरकडे आमसूल सांगतील. आंबट घालून खार मारायचा हा विचार कागदावर बरोबर आहे, पण आम्ल आणि अल्कली भिडले की उष्णता सुटते आणि भाजलेल्यावर पुन्हा भाजतं. शिवाय चिंच भिजेपर्यंतची मिनिटं वाया जातात. पोटात गेला असेल तर ओकारी काढायची नाही. जाताना जाळलेली अन्ननलिका तो येताना पुन्हा जाळतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत उरलेला कॉस्टिक घरी नेणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही.

विरघळवतानाही सोडा पाण्यात घालायचा, तोही थोडा थोडा. सोड्यावर पाणी कधीच नाही. एक किलो सोडा विरघळताना सुमारे 11 लाख ज्यूल उष्णता सुटते, म्हणजे 20 अंशांचं तीन लिटर पाणी उकळीला येईल एवढी. सोड्यावर पाणी ओतलं की ते जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. आणि भांडं ॲल्युमिनियमचं नको. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि एका ग्रॅममागे सव्वा लिटरच्या आसपास हायड्रोजन सोडतो. बंद खोलीत त्याला एक ठिणगी पुरते.

ॲल्युमिनियम खाण्याच्या याच भुकेवर बेळगावातला, जुने लोक अजून 'इंडाल' म्हणतात तो, कारखाना चालतो. बॉक्साइटची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजाची, माती गरम कॉस्टिकमध्ये घोटली की त्यातला ॲल्युमिनियमचा भाग विरघळतो आणि लोखंडाची तांबडी माती मागे राहते. कार्ल बायर यांनी ही रीत 1880 च्या दशकात काढली. मागे उरलेल्या लाल चिखलात थोडा कॉस्टिक राहतोच. हंगेरीत अजका गावाजवळ 4 ऑक्टोबर 2010 रोजी अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला आणि 10 माणसं गेली. कित्येकांना भाजलं होतं, तेही थंड चिखलाने.

थंडीचंही याच्याशी एक वैर आहे. कारखान्यांना पुरवली जाणारी 50 टक्क्यांची लाय, म्हणजे कॉस्टिकचं पाण्यातलं द्रावण, 12 अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि बेळगावात जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या जवळपास येतो. नळ तुंबला म्हणून कुणी जोड ढिला करतो, आणि मागे दाबाखाली अडकलेली लाय अंगावर येते. पाइपांना वाफेची ऊब देतात ती यासाठीच.

अशी लाय नेणाऱ्या टँकरवर एक चौकट असते: परीक्षानळीतून थेंब पडून हात आणि धातू खातायत असं चित्र, खाली 8, म्हणजे जाळणाऱ्या पदार्थांचा वर्ग, आणि 1824 हा या लायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. तवंदी घाट चढताना पुढच्या टँकरच्या पाठीवर 1824 दिसलं, की मी गाडीची काच वर करत नाही, कारण वास येणार नसतोच. अंतर मात्र वाढवतो.