संत्र्याच्या कलमा नेण्याआधी वावरातली तीन फुटांची माती आणा

मृग लागला की आमच्या नर्सरीत रोज कोणी ना कोणी पन्नीत मूठभर ओली माती घेऊन येतं. "भाऊ, वावर काळंभोर आहे, कापूस छातीएवढा होते. संत्रा लावाचा आहे. रिपोर्ट आजच द्या, कलमा न्यायले गाडी सोबतच आणली." अशा माणसाला परत पाठवताना आम्हालाही बरं वाटत नाही. भाड्याची गाडी रिकामी जाते, लावणी लांबते आणि राग आमच्यावर निघतो. त्यामुळे हे पत्रक पेरणीच्या आधीच तुमच्या हाती देत आहोत.

कापूस चांगला होतो म्हणून संत्राही होईल, हा हिशेब वरुड-मोर्शीकडे अजूनही चालतो आणि तिथेच चूक होते. कपाशी एका हंगामाची. संत्र्याचं झाड त्याच दोन हातांच्या जागेत वीस-पंचवीस वर्षं उभं राहायचं असतं. त्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असली, तरी पावसाचं पाणी खाली उतरतं की मुळाशी तुंबतं, हे दुसऱ्या-तिसऱ्या फुटातली माती ठरवते. वरची काळी माती पाहून ते कळत नाही.

आपल्या भागातली माती काळ्या कातळाची झीज होऊन झालेली आहे. पण एकाच धुऱ्याच्या (बांधाच्या) आत उंचवट्यावर खरडी म्हणजे उथळ, खडेगोट्यांची माती, मधल्या उतारावर मोरंड आणि नाल्याकडे खोल काळी, असे तीन प्रकार सर्रास सापडतात. संत्र्याला मोरंड सगळ्यात मानवते: अडीच-तीन फूट माती आणि खाली पाणी सोडणारा मुरूम. खरडीत पाणी छान निचरतं, पण उन्हाळ्यात ती लवकर सुकते. विहिरीला मे महिन्यात पाणी टिकत असेल तरच तिचा विचार करा. खोल काळीचा रुबाब मोठा, पण तिच्यातली चिकण माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात भेगेत हात जातो, तेव्हा बारीक मुळं तुटतात. श्रावणात पाणी साचलं की बुंध्याला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळायचा रोग, लागतो. अशा वावरात लावायचंच असेल तर गादीवाफे आणि उताराला चर, एवढी तयारी हवीच. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातून कोणी आलं तर आम्ही स्पष्ट सांगतो की संत्रा नको. तिथली माती चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट होऊन पाणी न मुरणारी, आणि बोअरचं पाणी खारट. तिथे कापूस, तूर, हरभराच बरा.

दुसरी अडचण चुनखडीची, आणि ती वरून दिसत नाही. वर दोन फूट काळी माती आणि खाली पांढऱ्या गाठींचा थर, अशी वावरं आपल्याकडे कमी नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्याकडून गेलेल्या कलमांची एक बाग पहिली चार वर्षं हिरवीगार होती. पाचव्या वर्षी नवती, म्हणजे नवी पालवी, पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधलं पान पिवळं. मालकाने जस्त फवारलं, लोह फवारलं, दोन महिने बरं दिसे, मग पुन्हा तेच. आम्ही जाऊन दोन झाडांच्या मध्ये खड्डा केला, तर दोन फुटांखाली फावडं खरखरलं. ती माती तळहातावर घेऊन पातळ आम्लाचे चार थेंब टाकले, तर फसफसून फेस आला. कलमा चांगल्या होत्या, माणूस मेहनती होता, पण खड्डा लावणीआधी कोणीच पाहिला नव्हता. आम्हीही नाही. तेव्हापासून खालची माती पाहिल्याशिवाय आम्ही कलमा देत नाही. यामुळे काही गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, हे आम्हाला माहीत आहे.

तेव्हा खड्डा असा करा. एकराला किमान दोन जागा निवडा. मातीचा रंग बदलत असेल तिथे वेगळी जागा घ्या. तीन फूट खोल खणा. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची माती वेगवेगळी काढा, प्रत्येकी अर्धा किलो, आणि प्रत्येक पिशवीत गट नंबर आणि खोलीची चिठ्ठी टाका. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका. पिशवी कापडी असावी. युरियाच्या चुंगडीतून आणलेल्या मातीत नत्र दिसणारच, आणि जस्ताच्या बादलीत कालवलेल्या मातीत जस्त भरपूर निघतं. मग सांगा, त्या रिपोर्टवर खत कसं द्यायचं? माती काढून झाली की त्याच खड्ड्यात पाणी भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं दिसलं, तर आमच्याकडे येताना ते आधी सांगा.

रिपोर्ट त्याच दिवशी का मिळत नाही, हेही सांगतो. माती सावलीत वाळवायची, उन्हात नाही, मग कुटून चाळायची. त्यातच ओली माती असेल तर तीन-चार दिवस जातात. त्यानंतर सामू (पीएच), क्षार, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना तपासतो. सामू साडेसहा ते साडेसात असेल तर उत्तम. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर गेला तर संत्रा नको म्हणतो. चुनखडीच्या वावरात जिप्सम टाकून उपयोग होत नाही. जिप्सम चोपण मातीसाठी आहे, आणि तिथेही निचऱ्याचा चर नसेल तर पैसे वाया जातात.

माती मध्यम निघाली तर खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात ते खालचं झाड, बदलून काम होऊ शकतं. जंबेरी लिंबाच्या खुंटापेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट चुना आणि क्षार थोडे जास्त सोसतो. आमच्या पन्हेरीत (रोपवाटिकेत) दोन्हींवर बांधलेल्या कलमा असतात. डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधतो, लावताना तो मातीखाली जाऊ देऊ नका.

माती चैत्र-वैशाखात आणली तर आमचा माणूस खोलवरची माती काढायचं गिरमिट घेऊन वावरात येतो आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. जूनमध्ये तेवढा वेळ निघत नाही. येताना तिन्ही थरांच्या पिशव्या, सातबारा आणि विहिरीच्या पाण्याची एक स्वच्छ बाटली सोबत ठेवा. कलमांसाठी गाडी मात्र रिपोर्ट हातात पडल्यावरच ठरवा.