शिक्षण हक्क कायद्याच्या आधीचं कोसबाड

मुलांच्या मनाची काळजी हा विषय हल्ली समुपदेशक, हेल्पलाइन आणि परीक्षेच्या ताणाच्या बातम्यांतून समोर येतो. त्यामुळे तो नवा आणि शहरी वाटतो. आपल्या भागात त्याची मुळं शंभर वर्षं मागे जातात आणि त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर झालं.

वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. मार नाही, धाक नाही आणि बक्षिसाचं आमिषही नाही. छडीवाचून विद्या येत नाही, यावर मास्तर आणि आईबाप दोघांचीही श्रद्धा होती त्या काळातली ही गोष्ट. राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

पुढे १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पानं, दगड यांवर काम भागलं. मला यातली अंगणाची जागा फार मोलाची वाटते. मूल आपल्या माणसांपासून तुटत नव्हतं. न मारता, न ओरडता मूल ऐकतं, हे घरच्यांना स्वतःच्या दारात दिसत होतं. पालकांचं वेगळं प्रबोधन करायची गरजच उरत नव्हती.

१९५७ मध्ये काम त्याच तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटं भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ केली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा निघाली. मुलाला दोष देण्याआधी त्याच्या घरची अडचण पाहायची, ही तिथली रीत होती. अनुताई १९९२ साली गेल्या. तोवर त्यांनी हे काम सोडलं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ पासून देशात अंगणवाड्या सुरू होऊ लागल्या. अंगण सरकारी योजनेत आलं, पण भर राहिला पोषण आणि लसीकरणावर. कुपोषण पाहता ते योग्यच होतं. मनाचा भाग मात्र मागे पडला तो पडलाच.

त्यानंतरची वाट हेल्पलाइन आणि कायद्यांची आहे. मुंबईत १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून १०९८ ही मुलांची हेल्पलाइन सुरू झाली. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. हे शब्द कायद्यात येणं ही मोठी गोष्ट होती. वर्गात ‘मठ्ठ’ म्हणणं, जात काढणं, सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावणं यावर बोट ठेवता आलं. घर मात्र या कलमाच्या बाहेर राहिलं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने किंवा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ ने दिलेलं संरक्षण आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये आहे. म्हणजे शिक्षकाचा हात थांबवणारा कायदा उंबरठ्याशी अडखळतो. कोसबाडने शाळा आणि घर यांना एकत्र बांधलं होतं. धोरणांनी त्यांची फारकत केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. गुणांवरून तुकड्या पाडणं आणि जाहीर अपमान टाळावा, पालकांसाठीही जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असं त्यांत आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. पाड्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांमध्ये अनेकदा पटच शंभराच्या आत असतो. तिथे मुलाच्या मनाचं जे काही होईल ते दोन शिक्षक, एक अंगणवाडी सेविका आणि घरची माणसं यांच्याच हातून होणार आहे, आणि प्रशिक्षणाचा पैसा आधी त्यांच्यापर्यंत पोचायला हवा.